पहिला हँडहेल्ड घेताना

आधी गेम ठरवा, हातात धरून खेळायचा कन्सोल (हँडहेल्ड) मग. शेतीचेच गेम खेळायचे असतील तर निन्टेंडोचा स्विच लाइट पुरेसा आहे. वजन जेमतेम 275 ग्रॅम, आडवं पडून तासभर खेळलं तरी मनगट भरून येत नाही. फक्त तो टीव्हीला जोडता येत नाही. स्टीम डेक 670 ग्रॅमच्या आसपास, पण पीसीसाठी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेले बरेच गेम त्यावर पुन्हा पैसे न मोजता चालतात.

सुरुवात ‘स्टारड्यू व्हॅली’नेच करा, असा माझा आग्रह आहे. 2016 चा हा शेतीचा गेम एरिक बरोन यांनी एकट्याने बनवला आणि ती माया त्यात जाणवते. त्यातला ऋतू 28 दिवसांचा. ऋतू पालटला की बहुतेक उभं पीक वाळून जातं. फ्लॉवरला 12 दिवस लागतात, म्हणून वसंतात 16 तारखेनंतर तो लावू नका. त्यातही 16 लाच लावून एक दिवस पाणी चुकलं तर वाढ एक दिवस लांबते आणि पीक हातचं गेलंच! आणि कन्सोलवर पात्र झोपल्याशिवाय गेम सेव्ह होत नाही, त्यामुळे दिवस अर्धवट टाकून गेम बंद करू नका.

रोल-प्लेइंगसाठी, म्हणजे एखादं पात्र होऊन कथा पुढे नेण्याच्या गेमसाठी, ‘ड्रॅगन क्वेस्ट 11 एस’चा मोफत डेमो आधी खेळा. डेमोतली प्रगती पूर्ण गेममध्ये पुढे नेता येते.