ड्रेसिंग पातळ होत नाही, भाज्या पाणी सोडतात

सॅलडचं ड्रेसिंग वाटीत छान घट्ट असतं, भाज्यांवर घातलं की दहा मिनिटांत तळाशी पांढरं पाणी. मग त्यात कॉर्नफ्लोअर घालू का, असं विचारलंय तुम्ही. नका घालू. दोष ड्रेसिंगचा नाहीच. काकडीत जवळजवळ 95 टक्के पाणी असतं, टोमॅटोही त्याच माळेचा मणी. मीठ लागलं की ते पाणी बाहेर येणारच. मीसुद्धा कितीतरी दिवस ड्रेसिंगमधला चक्का आणखी घट्ट, आणखी घट्ट करत बसले होते. चमचा उभा राहायचा त्यात, आणि ताटलीत तळं तेवढंच!

तेव्हा पाणी आधीच काढून घ्यायचं. काकडी उभी चिरा, मधल्या बिया चमच्याने खरवडून टाका. फोडींना अर्धा चमचा मीठ चोळून चाळणीत वीस मिनिटं ठेवा. चाळणीखाली वाटी ठेवून बघाच एकदा, किती पाणी जमतं ते. मग फोडी फडक्यात घेऊन हलक्या हाताने दाबायच्या. मीठ त्यांना लागलेलं असतं, म्हणून ड्रेसिंगमध्ये मिठाला हात आखडता. बारीक चिरलेल्या कोबीलाही हाच न्याय. टोमॅटोचा फक्त बियांचा गर काढा. गाजर आणि सिमला मिरची गुणी आहेत, त्यांना काही करावं लागत नाही.

लेट्यूसचं मात्र उलटं. पानं बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवली की ताठ होतात, पण नंतर अगदी कोरडी झाली पाहिजेत. ओल्या पानावरून ड्रेसिंग सरळ घसरतं.

आता ड्रेसिंग. लसणाची एक पाकळी किसून दोन चमचे लिंबाच्या रसात दहा मिनिटं राहू द्या. लसणाचा झोंबरेपणा किसल्यानंतर तयार होत जातो, आंबट रस त्याला लगाम घालतो. त्यात एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट, मग दोन मोठे चमचे तेल बारीक धारेने, फेटत फेटत. मोहरीमुळे तेल आणि रस एकजीव राहतात. शेवटी पाऊण वाटी चक्का, मिरपूड, किंचित साखर. चक्का हातानेच फेटा. मिक्सरमध्ये फिरवलात तर ताकासारखा पातळ होईल आणि पुन्हा कॉर्नफ्लोअरची आठवण येईल.

मेयॉनेज फुटतं, असंही लिहिलंय तुम्ही. बहुतेक वेळा तेल घाईने पडलेलं असतं. सुरुवातीला खरंच थेंब थेंब घालायचं. फुटलेलं फेकू नका: स्वच्छ भांड्यात एक नवा बलक घ्या आणि फुटलेलं मिश्रण त्यात चमचा चमचा घालत फेटा, पुन्हा जुळून येतं. फक्त कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं जेवायला असतील तर मी चक्क्यावरच थांबते.

सॅलड कालवायचं अगदी जेवायला बसताना. आधी निम्मंच ड्रेसिंग घाला, हाताने हलकेच खालीवर करा, मग लागेल तसं वाढवा. उरलं तर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस चांगलं राहतं, मात्र लसूण रोज थोडा चढतो.