यंत्र-विचारणा : जुन्या ट्रॅक्टरला जादा हायड्रोलिक व्हॉल्व्ह

प्रश्न : वडिलांच्या काळातला मॅसी १०३५ आहे. कांद्यासाठी डंपिंग ट्रॉली घेतली. एका स्पूलचा, म्हणजे ऑइलची वाट बदलणाऱ्या एका सरकत्या दांड्याचा, नवा व्हॉल्व्ह आणला आणि मेकॅनिकने सीटखालच्या लिफ्ट कव्हरवरच्या प्लेटमधून टी-जोड मारून लाइन काढली. तेव्हापासून लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) वर टिकत नाही आणि ट्रॉलीही उचलत नाही. व्हॉल्व्ह बदलून घ्यावा का?
(एक शेतकरी, ता. निफाड)

उत्तर : व्हॉल्व्ह बदलू नका, तो बहुधा ठणठणीत आहे. चूक जोडणीत आहे. तुमच्या ट्रॅक्टरचा पंप समजून घेतला की ती लगेच दिसेल.

१०३५ मध्ये इंग्लंडच्या १९५६ च्या फर्ग्युसन ३५ पासून चालत आलेली रचना आहे. चार पिस्टनचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (अवजारांना इंजिनाची ताकद देणाऱ्या) शाफ्टवर चालतो. त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. लिव्हर वर केला की पंपाला ऑइल मिळते. लिफ्ट ठरलेल्या उंचीला पोचली की ओढ बंद होते. पिस्टन हलत राहतात, पण ऑइल पुढे जात नाही.

बाजारातला साधा व्हॉल्व्ह, आपण ज्याला डीसीव्ही (डायरेक्शनल कंट्रोल व्हॉल्व्ह) म्हणतो, तो ओपन सेंटर असतो. दांडा मधे असताना पी तोंडातून, म्हणजे पंपाकडून, आलेले ऑइल सरळ टी तोंडातून टाकीकडे जाते. असा व्हॉल्व्ह तुम्ही लिफ्टच्याच लाइनवर टी-जोड मारून बसवला. मग लिफ्टच्या सिलिंडरमधले ऑइल त्याच वाटेने निघून जाणार आणि हात खाली बसणार. ट्रॉलीसाठी दांडा ओढला तर पंपाचे ऑइल आधी कमी वजनाकडे, म्हणजे लिफ्टच्या रिकाम्या हातांकडे जाते. हात वर पोचले की पंप ओढ तोडतो आणि ट्रॉली जागेवरच राहते.

टी-जोड काढून त्या जागी सिलेक्टर प्लेट बसवा, काही दुकानात तिला डायव्हर्टर म्हणतात. तिच्या एका बाजूला पंपाचे ऑइल फक्त लिफ्टला मिळते. दुसऱ्या बाजूला लिफ्टचे ऑइल आतच कोंडले जाते आणि पंपाची लाइन बाहेरच्या व्हॉल्व्हला जोडली जाते. प्लेट घेताना जुनी प्लेट सोबत न्या, बोल्टची भोके आणि ओ-रिंगच्या (गोल रबरी सीलच्या) खाचा जुळवून बघा. बसवताना ओ-रिंग नव्याच टाका.

वापरताना क्रम असा. लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडा. सिलेक्टर बाहेरच्या बाजूला करा. पीटीओचा दांडा इंजिन-पीटीओवर टाका; न्यूट्रलला असेल तर पंपच फिरत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग लिफ्टचा पोझिशन लिव्हर वर करा. काही मॉडेलमध्ये क्वाड्रंटवर (लिव्हरच्या कमानीवर) सतत पंपिंगची वेगळी खूण असते, तिथे लिव्हर त्या खुणेवर न्या. हात वर यायला बघतात पण कोंडलेले असल्याने येत नाहीत. त्यामुळे ओढ उघडी राहते आणि पंप व्हॉल्व्हला अखंड ऑइल देतो.

काम संपल्यावर आधी लिव्हर खाली, मग सिलेक्टर परत. उलट केलेत तर लिफ्ट झटक्यात वर येते. मागे कोणी उभे असेल तर जिवावरचा प्रसंग. या सगळ्या वेळात पीटीओचा शाफ्ट मागे फिरत असतो, म्हणून त्याची टोपी लावल्याशिवाय डंपिंग करायचे नाही.

व्यापाऱ्याच्या खळ्यावर घाई असते, तिथे हा क्रम चुकतो. सिलेक्टरशेजारी रंगाने लिहून ठेवा.

अजून एक बघा. ट्रॉलीचा जॅक सिंगल अॅक्टिंग असतो, म्हणजे ऑइल त्याला फक्त वर ढकलते, खाली तो वजनाने येतो. डबल अॅक्टिंग स्पूल घेऊन जॅककडच्या ए-बी तोंडांपैकी बी तोंडाला प्लग मारला असेल तर ट्रॉली खाली सोडताना पंपाचे ऑइल त्या प्लगवर आदळते, रिलीफ (जादा दाब सोडणारा) व्हॉल्व्ह किंचाळतो आणि ऑइल तापते. सिंगल अॅक्टिंग स्पूलच घ्या. काही व्हॉल्व्हमध्ये त्यासाठी बदलण्याचा स्क्रू असतो, घेताना विचारा.

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रॅक्टरला इंजिनावरून चालणारा गियर पंप आहे. हायड्रोलिक पलटी नांगरासाठी डीसीव्ही बसवला. पंपाची लाइन पी ला, आणि टी मधून लाइन काढून लिफ्टला दिली. पहिल्याच दिवशी स्पूलचे सील फुटले. नवे टाकले, तेही फुटले.
(एक वाचक, ता. दिंडोरी)

उत्तर : सील कितीही बदला, फुटणारच. टी हे तोंड टाकीकडे जाण्यासाठी असते आणि त्या बाजूच्या सीलला फारसा दाब सोसत नाही. तुम्ही तिथून पुढे लिफ्ट जोडली. लिफ्टने वजन उचलले की तो सगळा दाब उलटा टी च्या गल्लीत येतो. आज सील गेले, पुढे बॉडीला तडा जाईल.

पुढच्या व्हॉल्व्हला प्रेशर द्यायला तिसरी वाट लागते. तिला पॉवर बियाँड किंवा कॅरी-ओव्हर म्हणतात. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये त्या जागी प्लग असतो. तो काढून कॅरी-ओव्हरची स्लीव्ह बसवली की मधल्या गल्लीतले ऑइल पुढे लिफ्टला जाते आणि टी वेगळा राहतो. मग जोडणी तीन लाइनची होते : पंपातून पी, कॅरी-ओव्हरमधून लिफ्ट, आणि टी मधून स्वतंत्र लाइन सरळ टाकीत. तुमच्या व्हॉल्व्हला ही स्लीव्ह मिळत नसेल तर तो व्हॉल्व्ह या कामाचा नाही. पैसे गेले तरी दुसरा घ्या.

टाकीकडची लाइन अर्धवट बंद होईल असा कॉक किंवा क्विक कपलर तिच्यावर लावू नका. कपलर नीट बसला नाही की पुन्हा तेच होणार.

पलटी नांगराला डबल अॅक्टिंग स्पूल लागतो आणि ए-बी दोन्ही तोंडे वापरात येतात. नांगर उलट दिशेने पलटत असेल तर ए-बीचे पाइप अदलाबदल करा, बाकी कशाला हात लावू नका.

प्रश्न : पाइप कोणत्या मापाचे घ्यावेत? सिंगल वायर चालेल का? टेफ्लॉन टेप लावूनही गळती थांबत नाही.
(एक वाचक, सिन्नर)

उत्तर : प्रेशरच्या बाजूला सिंगल वायर, म्हणजे तारेच्या एकाच थराचा, होज (पाइप) नको. अर्धा इंची सिंगल वायर होजचे कामाचे प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १४० ते १६० किलो असते, आणि जुन्या ट्रॅक्टरचा रिलीफही बऱ्याचदा १७५ किलोच्या आसपास, म्हणजे २५०० पीएसआयला उघडतो. डबल वायर अर्धा इंची होज २४० किलोच्या वर धरतो, तोच घ्या. परतीच्या लाइनला पाऊण इंची. मिनिटाला १६ लिटर ऑइल अर्ध्या इंचातून सेकंदाला दोन मीटर वेगाने जाते, पाऊण इंचात तो वेग एक मीटरच्या खाली येतो. परतीला दाब साठू नये म्हणून हे माप.

परतीची धार वरून ऑइलवर पडू देऊ नका. तोंड ऑइलच्या पातळीखाली न्या, नाहीतर फेस होतो आणि जॅक धक्के देत चालतो.

टेफ्लॉन टेप मात्र आजच काढा. तिचे धागे सुटून स्पूलमध्ये जातात आणि स्पूल अडकतो. गळतीचे कारण बहुतेक वेळा आट्यांत असते. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकी) या दोन्ही पाइप-आट्यांना इंचाला १४ आटे, म्हणून एकात दुसरा चढतो. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६० अंश, शिवाय एनपीटी निमुळता. आवळत गेलात तर व्हॉल्व्हचे बीड चिरते. सरळ बीएसपी आट्यांना डौटी वॉशर (रबरी सील असलेली धातूची चकती) लावा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत होज क्रिम्प करून घेताना व्हॉल्व्ह हातात घेऊन जा आणि फिटिंग तिथेच हाताने पूर्ण चढवून बघा.

बारीक धार उडत असेल तर बोटाने चाचपू नका, पुठ्ठा फिरवून शोधा. १५० किलोच्या प्रेशरचे ऑइल कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तासाभरात हात सुजतो. तसे झाले तर सूज येण्याची वाट न बघता दवाखाना गाठा आणि हायड्रोलिक ऑइल आत गेले हे डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : ट्रॉली पूर्ण वर जात नव्हती, म्हणून हाउसिंगमध्ये दहा लिटर ऑइल वाढवले. आता उचलते, पण ब्रेक लागत नाहीत.
(एक शेतकरी, ता. येवला)

उत्तर : ऑइल एक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये गेले आहे. ट्रॉली वर असताना दहा लिटर जॅकमध्ये असतात. ती खाली आली की तेच हाउसिंगमध्ये परततात, पातळी एक्सलपर्यंत चढते आणि जुने सील ते अडवू शकत नाहीत. ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊ नका. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत उतरवा, सील बदला, ब्रेकचे लायनर नवे टाका. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणे आम्हाला मान्य नाही.

जॅकला किती ऑइल लागते ते आधी काढता येते. १०० मिलिमीटर बोअर आणि एक मीटर स्ट्रोक म्हणजे ७.८५ लिटर. तेवढे ऑइल बाहेर गेल्यावर डिपस्टिकवर खालच्या खुणेच्या वर काही दिसत असेल तरच ट्रॅक्टरच्या ऑइलवर ती ट्रॉली चालवा. दिसत नसेल तर पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि ३० लिटरची वेगळी टाकी हाच मार्ग. खर्च वाढतो, पण हंगामात ट्रॉल्या एकमेकांच्या ट्रॅक्टरला लागतात, तेव्हा दुसऱ्याचे पाणी शिरलेले दुधाळ ऑइल तुमच्या गिअरबॉक्समध्ये येत नाही. आमचे मत विचाराल तर डंपिंगसाठी तेच बरे.

प्रश्न : रिलीफचा स्क्रू आवळला तर ताकद वाढेल का?
(एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : गेज लावल्याशिवाय हात लावू नका. ४०० किलोचा गेज लाइनला जोडा, ऑइल गरम होऊ द्या आणि जॅक शेवटाला टेकवून वाचा. मॅन्युअलमधला आकडा येत असेल तर पंप चांगला आहे, तुमची ट्रॉली जास्त भरली आहे किंवा जॅक लहान आहे. भरलेली ट्रॉली पहिल्या वीतभर उचलण्यालाच सर्वांत जास्त जोर लागतो, कारण तेव्हा जॅक जवळजवळ आडवा असतो. आकडा येत नसेल तर पंपाचे व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा किंवा स्टँडपाइपची (पंपातून वर ऑइल नेणाऱ्या नळीची) ओ-रिंग गेलेली असते. स्क्रू आवळून त्यातले काही भरून येत नाही. नव्या डीसीव्हीचा रिलीफ मात्र ट्रॅक्टरच्या रिलीफपेक्षा १० किलो खाली ठेवा, म्हणजे आधी तो उघडेल.

आणि ट्रॉली वर असताना खाली वाकायचे असेल तर चेसिसला लोखंडी टेकू लावूनच. स्पूल कितीही नवा असला तरी थोडे ऑइल सोडतोच.