वसंतात जमलेली टर्कीची शिकार शरद ऋतूत का जमत नाही?

वसंतात मादीची साद काढून टर्की या रानपक्ष्याचा नर जवळ आणता आला, पण ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या जंगलात तीच साद काढूनही एक पक्षी फिरकला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझाही पहिला शरद हंगाम असाच वाया गेला. वसंतात नर विणीच्या ओढीने येतो. शरदात ती ओढ संपलेली असते आणि माद्या व त्या वर्षीची पिल्ले मोठ्या थव्याने, तर प्रौढ नर वेगळ्या लहान टोळीने हिंडत असतात. त्यामुळे आता हाक द्यायची ती जोडीदाराची नव्हे, चुकलेल्या सोबत्याची.

त्याआधी थवा सापडला पाहिजे आणि तो अन्नामागे असतो. ज्या वर्षी ओकला भरपूर फळे धरतात, त्या वर्षी पक्षी जंगलाबाहेर फारसे पडत नाहीत. फळे कमी असली तर कापणी झालेल्या मक्याच्या शेताकडे वळतात. ओकखाली पाचोळा उकरल्याच्या ताज्या खुणा शोधा. विष्ठाही पाहा, कारण नराची साधारण इंग्रजी जे अक्षरासारखी वाकडी असते, तर मादीची गोल गुंडाळीसारखी.

थवा दिसल्यावर बंदूक रिकामी करून बाजूला ठेवावी आणि ओरडत सरळ त्यात घुसावे. नवख्याला हा वेडेपणा वाटतो, पण सारे यश त्यावरच आहे. पक्षी चारी दिशांना उधळले पाहिजेत. सगळे एकाच बाजूला उडाले तर ते तिकडेच पुन्हा एकत्र होतात आणि तुमची धावपळ फुकट जाते. पेनसिल्व्हेनियात शरद हंगामात या कामासाठी कुत्रा वापरण्यास परवानगी आहे आणि चांगला कुत्रा ते आपल्यापेक्षा कितीतरी नीट करतो.

थवा जिथे फुटला, तिथेच खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. थोड्या वेळाने पिल्ले 'की-की-की' अशी बारीक शिट्टीसारखी हाक देऊ लागतात. तशीच हाक देऊन तिला एक-दोन घोगरे स्वर जोडा. मादीही पिल्लांना बोलावू लागली, तर तिचा आवाज ऐकून पिल्ले तिच्याकडे जातात, म्हणून तिला मी पुन्हा उधळतो. टर्कीची नजर फार तीक्ष्ण असते, त्यामुळे बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवलेली बरी. छऱ्यांच्या बंदुकीने पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे मी नेम धरत नाही आणि तो नेहमी डोक्यामानेवर.

ऐकू येणारी हाक दुसऱ्या शिकाऱ्याचीही असू शकते, म्हणून आवाजाच्या रोखाने दबकत जाऊ नका. लाल, पांढरा व निळा हे नराच्या डोक्याचे रंग अंगावर नकोत. चालताना नारिंगी टोपी घालावी.

तुम्ही एच-वन-बी व्हिसावर आहात, म्हणून एक गोष्ट सांगतो: अशा व्हिसाधारकास अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, परंतु वैध शिकार-परवाना असल्यास त्यास अपवाद आहे. तेव्हा परवान्याची मुदत संपू देऊ नका.

प्रौढ नरांची टोळी मात्र निराळी. ते उधळल्यावर घाईने जमत नाहीत, कधी दुसरा दिवस उजाडतो. म्हणून मी त्यांना संध्याकाळी रातथाऱ्याजवळ, म्हणजे ते रात्री ज्या झाडांवर बसतात तिथे, उधळतो आणि पहाटे अंधारातच त्या झाडांपाशी जाऊन बसतो.