डोळ्यांचे व्यायाम केले तर वाचन सुधारेल का?

सिडकोत राहणाऱ्या एक ताई चौथीतल्या मुलाला घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा निर्णय जवळजवळ झालेला होता. मुलगा वाचताना अडखळतो, शुद्धलेखनात फार चुकतो, म्हणून कोणीतरी त्यांना व्हिजन थेरपी, म्हणजे डोळ्यांच्या व्यायामांचा काही महिन्यांचा कोर्स सुचवला होता आणि फीसाठी भिशी उचलायचीही त्यांची तयारी होती. "मॅडम, औषध नाही, ऑपरेशन नाही, मग करून बघायला काय हरकत आहे?" हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात.

मी मुलाला वाचायला दिले. 'सरबत' त्याने 'सबरत' असे वाचले, जोडाक्षर आले की अंदाजाने काहीतरी म्हटले, आणि हे पहिल्याच ओळीत, डोळे थकण्याआधी. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या शब्दांतही त्याच चुका झाल्या. तोच उतारा मी वाचून दाखवला, तेव्हा मात्र त्याने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चटकन दिले. डोके दुखणे, अक्षरे दोन-दोन दिसणे, थोड्या वेळाने ओळी धूसर होणे, यांपैकी एकही तक्रार नव्हती.

त्या तक्रारी असत्या, तर माझे उत्तर वेगळे असते. जवळचे पाहताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नसतील, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायामांचा उपयोग होतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या २२१ मुलांच्या चाचणीत हे व्यायाम करणाऱ्या गटातील सुमारे ७३ टक्के मुलांना १२ आठवड्यांत फरक पडला. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१० मुलांच्या चाचणीत, अशाच मुलांचे वाचनाचे आकलन तुलनेसाठी दिलेल्या नुसत्या दिखाऊ व्यायामांपेक्षा अधिक सुधारले नाही. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेत, तर मूळ अडचण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात असते, आणि तिथे डोळ्यांच्या व्यायामांचा किंवा रंगीत काचांच्या चष्म्याचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. हरकत आहे ती इथेच: व्यायामांत गेलेले महिने अक्षर-ध्वनीच्या नेमक्या शिकवणीतून वजा होतात.

नंबर वगैरे आहे का, हे नेत्रतज्ज्ञांकडून एकदा नीट तपासून घ्या आणि मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करा, असे मी त्यांना सुचवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता समाविष्ट आहे, त्यामुळे निदान झाल्यास प्रमाणपत्राच्या आधारे पुढे दहावीला जादा वेळेची सवलतही मागता येते. ते सगळे होईपर्यंत, मुलाला वर्गात मोठ्याने वाचायला उभे करू नये, एवढी विनंती शाळेतल्या बाईंना उद्याच करा, असेही सांगितले.