कोंबडीची अन्नपिशवी तुंबल्यास

प्रश्न : आमच्या गावरान कोंबडीच्या गळ्याखाली लिंबाएवढी कडक गाठ आली असून ती दोन दिवसांपासून दाणे टिपत नाही. शेजारी तिला उलटी धरून गाठ दाबायला सांगतात. तसे करावे काय?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : उलटी मुळीच धरू नका. ती गाठ म्हणजे खाल्लेले दाणे साठवणारी, तुंबलेली अन्नपिशवी असावी; तिच्यातील पाणी श्वासनलिकेत गेले, तर कोंबडी तिथल्या तिथे दगावू शकते. निरोगी कोंबडीची अन्नपिशवी रात्रभरात रिकामी होते, म्हणून पहाटे दाणे टाकण्यापूर्वी ती चाचपून पाहावी. तेव्हाही ती कडक लागली, तर कुटाराच्या काड्या, लांब वाळलेले गवत किंवा कपाशीचा धागा आत अडकला असण्याची शक्यता मोठी आहे. कोंबडी वेगळी, सावलीत ठेवून १२ ते २४ तास दाणे बंद करावेत. पाणी मात्र, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात, कधीही तोडू नये. चोचीच्या कडेने २ ते ३ मिली गोडेतेल थेंबाथेंबाने पाजून दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटे हलक्या हाताने गाठ चोळावी. पिशवी मऊ, पाणीदार आणि तोंडाला आंबूस वास असल्यास तो बुरशीचा विकार असतो; त्यात तेल उपयोगी नाही. दोन दिवसांत उतार न पडल्यास, किंवा हिरवी हगवण, मान वाकडी होणे अशी राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लक्षणे दिसल्यास, पशुवैद्यकांकडेच न्यावे. घरी ब्लेडने चीर देण्याचे धाडस कृपया करू नका. बरी झाल्यावर आधी भिजवलेली कणी द्यावी आणि अंगणात बारीक खडी ठेवावी, कारण पथरीत, म्हणजे कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटात, दाणे तिच्यामुळेच दळले जातात.