बोल्ट उघडेना, पण ग्रुप मस्त येतोय, काय करू?

प्रश्न: मी बेकर्सफील्डला राहतो, .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल आहे (बोल्ट म्हणजे मागची खीळ, दर बारानंतर हाताने उघडायची), काडतुसं घरीच भरतो. शिकारीला फॅक्टरीची कॉपरवाली आणायचो आणि घरची लेडवाली फक्त रेंजवर, पण यंदा म्हटलं कॉपरचीही आपणच भरू. गोळीचं वजन १६५ ग्रेनच, पावडर तीच आणि तेवढीच, काडतुसाची एकूण लांबीही तीच. जानेवारीत टेस्ट केली तेव्हा बोल्ट जरासा जड वाटला, दुर्लक्ष केलं. आता ऑगस्टमध्ये पाचव्या राउंडला बोल्ट तळहाताने ठोकून उघडावा लागला. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) चपटे, केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडावर चकचकीत गोल डाग. ग्रुप मात्र मस्त येतोय, गोळ्या जवळजवळ लागतात. वापरू का?

उत्तर: नाही. उरलेली सगळी काडतुसं आजच बाजूला काढा, आणि ग्रुपचं कौतुक तर अजिबात सांगू नका, जास्त प्रेशरला पण ग्रुप छान येतात.

तो चकचकीत डाग म्हणजे केसचं पितळ दाबाने इजेक्टरच्या (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) भोकात शिरलंय. आणि बोल्ट अडकतो कारण केस इतकी फुगली की परत आकसलीच नाही. .३०८ ला सॅमीची (अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे आणि पितळावर अशा खुणा दिसेपर्यंत ती बहुतेकदा मागे पडलेली असते. म्हणजे हा पहिला इशारा नाहीये, पहिला जानेवारीतच मिळाला होता.

आता "वजन तेच" हे जे तुम्ही लिहिलंय ना, गोची तिथेच आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला लेड बंद, त्यामुळे हा घोळ तुमच्याकडे खूप जण घालतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. एकूण लांबी तीच ठेवली की ती केसमध्ये खोल बसते, पावडरची जागा कमी होते, वर ती कडक, बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांमध्ये शिरायला जास्त जोर लावते. म्हणून तुम्ही लेडच्या गोळीचं पावडरचं माप जसंच्या तसं उचललंत तिथेच चूक झाली, कॉपरचा डेटा वेगळा असतो. त्यात तुमच्याकडचा ऑगस्ट, काही पावडरी उन्हात चांगल्याच तापट होतात, आणि डबा गाडीत पडला असेल तर बघायलाच नको.

ठोकून गोळी काढायचा तो प्लॅस्टिकचा हातोडा मिळतो, त्याने सगळी काडतुसं उघडा. मग गोळीच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नेमकी तीच गोळी बघून सुरुवातीच्या लोडपासून (पावडरच्या सगळ्यात कमी मापापासून) परत चढत या, आट्यांपासून किती लांब ठेवायची तेही तिथेच बघा. केसची लांबी पण मोजा, २.०१५ इंचाच्या वर गेली तर मानेला (गोळी धरणाऱ्या तोंडाला) चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, मोकळं व्हायला जागा राहत नाही आणि प्रेशर उगाचच चढतं. मध्येच कुणाकडून मिलिटरीच्या केस आणल्या असतील तर त्या वेगळ्या ठेवा, त्यांचं पितळ बऱ्याचदा जाड असतं, आत जागा कमी.

आणि क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा स्पीड मोजायचं यंत्र, घ्याच. तेवढ्याच बॅरलला पुस्तकापेक्षा जास्त स्पीड दिसला तर तो फुकट आलेला नाही, प्रेशर देऊन आलाय.

प्रश्न: टेक्सासमधून लिहितोय. .२४३, मॅन्युअलमधला सगळ्यात कमी लोड, तरी प्रायमर चपटे. बोल्ट लोण्यासारखा उघडतो. अजून कमी करू का?

उत्तर: नको. प्रायमर हा फार खोटारडा साक्षीदार आहे. तुमचा प्रॉब्लेम बहुतेक सायझिंग डायचा (झाडलेली केस परत मापात दाबणारा साचा), ती केसचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, जास्तच मागे ढकलत असणार. मग बार उडाला की प्रायमर आधी मागे सरकतो आणि केस मागे येऊन त्याला परत आत दाबते, म्हणून चपटा. गेज लावून खांदा साधारण ०.००२ इंचच मागे जाईल एवढी डाय वर घ्या. पण त्याआधी एक बारीक तार टोकाला वाकवून झाडलेल्या प्रत्येक केसमध्ये घाला आणि बुडाच्या जरा वर आतून चाचपा. खाच लागली तर ती केस कचऱ्यात, पुढच्या बाराला तिथूनच तुटते.