‘पर्यवेक्षक’ की ‘पर्यावेक्षक’?

प्रश्न : दहावीच्या परीक्षेसाठी माझी नेमणूक शेजारच्या गावातील केंद्रावर झाली. नेमणूकपत्रात ‘पर्यवेक्षक’, तर केंद्रावरील फलकावर ‘पर्यावेक्षक’ असे लिहिले होते. मुले मात्र ‘सुपरव्हायझर’ म्हणतात. योग्य रूप कोणते आणि शब्दाचा नेमका अर्थ काय?
– एक शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : ‘पर्यवेक्षक’ हेच रूप शुद्ध आहे. त्याची फोड परि + अव + ईक्षक अशी होते. ‘परि’मधील इकारापुढे ‘अव’चा ऱ्हस्व अ आला की ‘पर्यव’ होते. ‘अव’ आणि ‘ईक्षक’ यांच्या संधीतून ‘अवेक्षक’ मिळते. फलकावरील चूक बहुधा ‘पर्यावरण’ या रोजच्या शब्दाच्या सवयीने झाली असावी. तेथे फोड परि + आवरण अशी असल्याने ‘र्या’ला आधार आहे, येथे तो नाही.

‘ईक्ष्’ हा पाहणे या अर्थाचा संस्कृत धातू. परीक्षा, परीक्षक, निरीक्षक हे शब्द त्याचेच. इतकेच काय, निकालाच्या दिवसांतील प्रतीक्षा आणि पालकांची अपेक्षाही त्याच कुळातली. ‘पर्यवेक्षक’ या शब्दाला वेगळेपण येते ते मधल्या ‘अव’मुळे. संस्कृतात ‘अवेक्षा’ म्हणजे नुसते पाहणे नव्हे, तर लक्ष देणे, काळजी घेणे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘स्वधर्ममपि चावेक्ष्य’ असे येते, तेथेही स्वधर्म डोळ्यांनी पाहणे नव्हे, तर तो विचारात घेणे अभिप्रेत आहे. म्हणूनच पर्यवेक्षक म्हणजे कॉपी पकडणारा, हा रूढ समज मला फार तोकडा वाटतो. बैठक क्रमांक चुकीचा लिहिणारा, पुरवणी मागायला बिचकणारा, प्रश्नपत्रिका हाती पडताच घाबरून गेलेला विद्यार्थी वेळीच नजरेस येणे, हेही पर्यवेक्षणच आहे.

‘सुपरव्हायझर’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘वर’ आणि ‘पाहणे’ या अर्थांचे शब्द आहेत, त्यामुळे मराठी शब्दाशी त्याचे चांगले जुळते. इंग्रजीत परीक्षेपुरता वापरला जाणारा ‘इन्व्हिजिलेटर’ मात्र जागे राहून पहारा करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. हिंदीत ‘कक्ष निरीक्षक’ म्हणतात.

माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या हाताखाली ‘पर्यवेक्षक’ असे स्वतंत्र पदही असते. आपल्या केंद्रावर दोन्ही अर्थांची गल्लत होत असेल, तर फलकावर ‘परीक्षा पर्यवेक्षक’ असे लिहावे.